आडवी बाटली मागणाऱ्या बायांना, एका शिक्षिकेबद्दल

प्रति,
गावोगावच्या दारूबंदी महिला मंडळांतल्या आणि बचत गटांतल्या सगळ्या ताई, वहिनी, मावश्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळांत माझं आयुष्य गेलं. तुमच्यातल्या काही जणी मला ओळखतात, बऱ्याच ओळखत नाहीत. तरी हे पत्र सगळ्यांना लिहिते आहे, कारण मागच्या मतदानानंतर आपण सगळ्याच जणी खचलो आहोत आणि पुढं काय करायचं यावर आपल्यातच दोन तट पडले आहेत.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. पहिलीच्या वर्गात फळांचा तक्ता लावला होता. मुलांचं अजून ‘कमल’, ‘मगर’ चाललेलं, जोडाक्षरं फार लांब होती. एक मुलगी उठली, तक्त्याजवळ गेली आणि संत्र्याच्या चित्राखालच्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, “बाई, संत्रा.” मला वाटलं, चित्र बघून म्हणाली. मी चित्रावर हात ठेवला, नुसता शब्द दाखवला. तिनं तो पुन्हा वाचला. आंबा, पेरू, केळी यांतलं एकही नाव तिला वाचता येईना. मी विचारलं, “हे कुठं शिकलीस गं?” ती म्हणाली, “बाटलीवर असतंय की.” रोज संध्याकाळी बाप तिला पैसे देऊन देशीच्या दुकानावर पाठवायचा. तिनं वाचलेला पहिला शब्द मी शिकवलेला नव्हता. ते माझ्या मनाला फार लागलं, अजून लागतं.

त्या गावात पुढं मतदान झालं. नियम तुम्हाला पाठ आहे: राज्य शासनाच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या द्यायच्या, त्या पडताळल्या जातात, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. बायका शेतावरची मजुरी बुडवून आल्या होत्या. पोरं काखेत, डोक्यावर पदर, रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेलेली. पेटी उघडली तेव्हा आडव्या बाटलीच्या चिठ्ठ्यांचा ढीग उभीच्या कितीतरी पट होता. आम्ही हरलो. कारण मतदान केलेल्यांपैकी निम्म्या बाया पुरत नाहीत, यादीत नाव असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. थोडक्यात गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर नेहमीच्या वेळेला वर गेलं, त्याचा आवाज शाळेपर्यंत आला.

तेव्हापासून आपल्यात दोन मतं आहेत. एक म्हणतं, सह्या आणि चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या, आता दांडकी घेऊन जायचं आणि भट्ट्या फोडायच्या. दुसरं म्हणतं, सोडा आता, ज्याचं त्याचं नशीब. या दोन्ही मतांच्या बायांना मला एका शिक्षिकेची गोष्ट सांगायची आहे. ती आपल्या गावची नाही, आपल्या देशाचीही नाही. पण आपण आज ज्या वाटेवर उभ्या आहोत तिथं ती दीडशे वर्षांपूर्वी उभी होती, आणि तिची हकीकत आपल्याच भाषेत आपल्याच एका बाईनं लिहून ठेवली आहे.

तिचं नाव फ्रान्सिस विलर्ड. जन्म १८३९ सालचा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. पण वाढली विस्कॉन्सिनमध्ये, जेन्सव्हिल गावाजवळच्या शेतावर. आई लग्नाआधी शिक्षिका होती. मुलीला घरात सगळे ‘फ्रँक’ म्हणायचे, म्हणजे मुलाच्या नावानं. थोरला भाऊ ऑलिव्हर, धाकटी बहीण मेरी. ऑलिव्हर एकवीस वर्षांचा झाला त्या १८५६ सालच्या निवडणुकीला वडील, भाऊ आणि शेतावरचे गडी चांगले कपडे घालून, गाडी जुंपून मत द्यायला गेले. दोघी बहिणी खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. फ्रँकच्या डोळ्यांत पाणी आलं, शेजारी बघते तर मेरीचेही डोळे भरलेले. फ्रँकनं विचारलं, ऑलिव्हरइतकंच आपलंही देशावर प्रेम नाही का, मग आपल्याला मत द्यावंसं वाटत नाही का? मेरी म्हणाली, वाटतं गं, पण हे कुणाला बोलू नकोस, नाहीतर लोक म्हणतील पोरी फार आगाऊ आहेत. हे तिनं स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. आपल्या पोरींना ‘आगाऊ’ म्हणणारे लोक तिथंही होते.

शिकून ती मास्तरीण झाली. एका खोलीच्या शाळांपासून सुरुवात, मग मुलींच्या मोठ्या विद्यालयांत. १८७१ मध्ये शिकागोजवळच्या एव्हनस्टन गावात मुलींचं कॉलेज निघालं, त्याची ती प्रमुख झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागो जळालं. ज्यांनी देणग्या कबूल केल्या होत्या त्यांचीच घरंदारं राख झाली, तर कॉलेजला पैसा येणार कुठून? दोन वर्षांत ते कॉलेज शेजारच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विलीन करावं लागलं आणि फ्रान्सिस तिथं मुलींच्या विभागाची डीन झाली. तिची रीत अशी की मुलींनी आपले नियम आपण पाळायचे, आपली शिस्त आपण राखायची. विश्वासाला उतरलेल्या मुलींची नावं सन्मानाच्या यादीत जायची. विद्यापीठाच्या नव्या अध्यक्षांना हे मानवलं नाही. त्यांनी तिचे अधिकार एकेक करून काढून घेतले. हे अध्यक्ष म्हणजे एकेकाळी ज्यांच्याशी तिचं लग्न ठरून मोडलं होतं तेच चार्ल्स फाउलर. १८७४ च्या जूनमध्ये तिनं राजीनामा दिला. पस्तिशीला आलेली बाई, स्वतःच्या हातानं उभं केलेलं काम गेलेलं. ज्यांनी शाळा उभी केली आणि मग बदलीच्या एका कागदानं सोडली, त्यांना हे कसं असतं ते मी सांगायला नको.

त्याआधीच्या हिवाळ्यात, म्हणजे १८७३ च्या डिसेंबरपासून, ओहायो राज्यातल्या हिल्सबरो गावात एक नवल घडलं होतं. गावातल्या बायका चर्चमधून निघून रांगेनं दारूच्या गुत्त्यांवर गेल्या. आत घेतलं तर आत, नाही तर बाहेर बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करायच्या, भजनं म्हणायच्या आणि मालकाला हात जोडून सांगायच्या, हा धंदा सोड. एलायझा थॉम्पसन नावाची प्रौढ वयाची गृहिणी त्यांच्या पुढं होती. बघता बघता गावोगाव हे लोण पसरलं. अनेक मालकांनी पिंपं रस्त्यावर ओतली. आपल्याकडच्या बाया गुत्त्यासमोर ठिय्या देऊन बसतात, मला ते आणि हे वेगळं वाटत नाही.

फ्रान्सिसही एकदा त्यात गेली. पिट्सबर्ग शहरातल्या एका गुत्त्यात ती शिरली. जमिनीवर लाकडाचा भुसा पसरलेला, मागं बाटल्या मांडलेल्या, दाराशी टोप्या काढून उभे राहिलेले पुरुष. तिथं त्या भुशावर गुडघे टेकून तिनं प्रार्थना म्हटली. विद्यापीठाची डीन राहिलेली बाई. यानंतर लवकरच तिच्यासमोर दोन पत्रं आली. एकात न्यूयॉर्कच्या शाळेची चांगल्या पगाराची नोकरी, दुसऱ्यात शिकागोच्या दारूबंदी महिला मंडळाचं अध्यक्षपद, पगार काही नाही. तिनं दुसरं घेतलं. घोडा-ट्रामला पाच सेंट नसायचे म्हणून ती मैलोन् मैल चालायची, कधी उपाशी राहायची.

तिनं असं का केलं? आत्मचरित्रात ती देवाच्या हाकेबद्दल लिहिते. मला आणखी एक दिसतं. ज्या ऑलिव्हरला मत द्यायला जाताना तिनं खिडकीतून पाहिलं होतं, तो भाऊ, हुशार, वर्तमानपत्राचा संपादक, दारूनं पोखरला होता. १८७८ मध्ये तो गेला. घरात असं माणूस असलं की बाईला आकडेवारी वाचून दाखवावी लागत नाही. तिला मत नव्हतं आणि मत असलेला भाऊ दारूत बुडत होता. या दोन्ही गोष्टी तिच्या मनात एकत्र आल्या असणार असं मला वाटतं.

१८७४ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलंड शहरात या सगळ्या बायांनी मिळून वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन, म्हणजे ख्रिस्ती बायांची दारूबंदी संघटना, स्थापन केली. खूण म्हणून छातीवर पांढरी फीत. फ्रान्सिस तिची पत्रव्यवहार सांभाळणारी चिटणीस झाली. हिल्सबरोचा जोर तोवर ओसरू लागला होता. ओतलेली पिंपं पुन्हा भरली, बंद झालेले गुत्ते पुन्हा उघडले. तिथल्या बायांनीही तेव्हा तोच प्रश्न विचारला जो तुम्ही मला परवा विचारलात: एवढं करून उपयोग काय झाला?

तिचं उत्तर सरळ होतं. गुत्त्याला परवाना कोण देतं? गावचं मंडळ. मंडळ कोण निवडतं? पुरुष. मग बाईनं गुत्त्यापुढं रडण्यापेक्षा परवान्याच्या प्रश्नावर मत मागावं. हे तिनं १८७६ मध्ये जाहीर सभेत बोलून दाखवलं तेव्हा तिच्याच संस्थेच्या अध्यक्षबाई ॲनी विटनमायर नाराज झाल्या. दारूबंदीत राजकारण नको, असं त्यांचं म्हणणं. पण फ्रान्सिसनं त्याला नाव दिलं ‘घराच्या रक्षणाचं मत’. हे नाव शोधताना तिच्यातली शिक्षिका दिसते. मताधिकार म्हटलं की बिचकणाऱ्या बाईला घराचं रक्षण लगेच कळायचं. १८७९ मध्ये तिनं इलिनॉय राज्याच्या विधिमंडळापुढं अर्ज ठेवला की आपल्या गावात दारू विकू द्यायची की नाही यावर बायकांना मत असावं. लाखाहून जास्त सह्या होत्या, कागद कापडावर चिकटवून त्याची भलीमोठी गुंडाळी केली होती. विधिमंडळानं अर्ज मंजूर केला नाही. पण त्याच वर्षी संस्थेच्या बायांनी तिला राष्ट्रीय अध्यक्ष निवडलं आणि १८९८ मध्ये मरेपर्यंत ती त्या पदावर होती.

ताई, तुम्ही जी चिठ्ठी पेटीत टाकता ती नेमकी हीच. तिनं मागितलेली, तिला न मिळालेली. म्हणून कुणी ‘चिठ्ठ्यांनी काय होतं’ म्हणालं की माझ्या पोटात तुटतं.

आता आपल्या बाईकडे येते. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली. तो समारंभ बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या आणि तिथंच दोन वर्षांहून जास्त राहिल्या. विधवांसाठी शाळा काढायची होती, त्यासाठी गावोगाव भाषणं देत होत्या. त्या प्रवासात त्यांची आणि फ्रान्सिसची गाठ पडली आणि जीव जडला. फ्रान्सिसनं आपल्या आत्मचरित्रात रमाबाईंबद्दल फार मायेनं लिहिलं आहे. रमाबाई फ्रान्सिसच्या संघटनेत सामील झाल्या. परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडलं आणि त्याच वर्षी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत काढलं. त्यातल्या स्त्रियांच्या स्थितीवरच्या प्रकरणात या मद्यपाननिषेधक बायांची हकीकत आहे. त्यांची सभा कशी चालते, हिशेब कसे ठेवतात, अध्यक्षबाई कशी निवडतात, एवढ्या हजारो बाया एका शिस्तीत कशा वागतात, हे रमाबाईंना सांगायचं होतं. त्या काळातल्या मराठी वाचकाला बायकांची सभा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे रमाबाईंचं नाव निघालं की धर्मांतराचा वाद निघतो आणि तिथंच बोलणं संपतं. दारूच्या प्रश्नावर आपल्याला या वाटेची ओळख करून देणाऱ्या पहिल्या मराठी बायांत त्या होत्या, हे दारूबंदीच्या एकाही मेळाव्यात माझ्या कानावर आलं नाही. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात ते पुस्तक असेल तर बचत गटाच्या बैठकीत त्यातली दोन पानं मोठ्यानं वाचा. भाषा जुनी आहे, पण कळते.

फ्रान्सिसचं एक धोरण होतं: ‘सगळं करा’. दारूबंदी म्हणजे नुसती दारूबंदी नव्हे, असं ती म्हणायची. बालवाड्या काढा. तुरुंगातल्या बायांसाठी बाई पहारेकरी नेमायला लावा. कामाचे तास आठ करा. मुलींच्या संमतीचं वय वाढवा; ते तेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दहा वर्षं होतं, डेलावेअरमध्ये तर सात. सात वर्षांची मुलगी. माझ्या पहिली-दुसरीतली. या प्रश्नावर तिच्या बायांनी राज्याराज्यांत सह्या गोळा केल्या आणि कायदे बदलायला लावले. १८९० नंतर या मंडळाच्या वर्गणी भरणाऱ्या सभासद दीड लाखाच्या आसपास होत्या. तेव्हा अमेरिकेत बायांची एवढी मोठी संघटना दुसरी नव्हती.

पुढं जगभर शाखा निघाल्या. मेरी लेव्हिट नावाची दुसरी शिक्षिका १८८४ मध्ये बोटीवर चढली आणि जवळपास आठ वर्षं देशोदेशी फिरली, हिंदुस्थानातही आली. पांढरी फीत डेन्मार्कपर्यंत पोचली, तिथल्या बायांनी तिला आपल्या भाषेत ‘वीदे बोन’ म्हणजे पांढरी पट्टी हेच नाव दिलं. डेन्मार्कचं मुद्दाम सांगते, कारण पुढं त्याचं काम पडणार आहे.

पण आधी मला फ्रान्सिसची चूक सांगायची आहे. दांडकी घेऊन निघालेल्या माझ्या बहिणींनी हा भाग दोनदा वाचावा अशी विनंती.

१८९० मध्ये तिनं एका वर्तमानपत्राला मुलाखत दिली. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका आपल्या संघटनेत याव्यात अशी तिची धडपड चालली होती. त्या भरात ती बोलून गेली की काळे लोक टोळधाडीसारखे वाढताहेत, दारूचा गुत्ता हे त्यांचं शक्तिस्थान आहे आणि त्यांच्यामुळे बायका-मुलांना धोका आहे. ज्या काळात दक्षिणेत काळ्या माणसांना जमाव झाडाला लटकवून मारत होते आणि कारण म्हणून ‘गोऱ्या बाईची अब्रू’ पुढं करत होते, त्या काळात हे बोलणं. आयडा वेल्स नावाच्या पत्रकार बाईनं तिला सोडलं नाही. आयडा गुलामगिरीत जन्मलेली. तीही आधी शिक्षिकाच. १८९२ मध्ये मेम्फिसला तिच्या तीन मित्रांना जमावानं मारलं, त्याविरुद्ध लिहिलं म्हणून तिचा छापखाना मोडला. १८९४ मध्ये ती इंग्लंडमध्ये होती, फ्रान्सिसही तिथंच होती आणि तिथले लोक तिला डोक्यावर घेत होते. आयडानं ती जुनी मुलाखत तिथं छापून आणली आणि लोकांना विचारलं, ही तुमची थोर बाई या खुनांबद्दल काय बोलली ते वाचा. फ्रान्सिसनं सरळ माफी मागायला हवी होती. तिनं सारवासारव केली, आणि त्याच वर्षी क्लीव्हलंडच्या अधिवेशनात उलट आयडालाच बोल लावले. विलर्डच्याच मंडळात फ्रान्सिस हार्पर यांच्यासारख्या काळ्या बाया वर्षानुवर्षं राबत होत्या. त्यांना काय वाटलं असेल?

मी या बाईला फार मानते. तरी हे लपवून तिची गोष्ट सांगितली तर मी खोटं बोलले असं होईल. आणि दुसऱ्याच्या चुकीबद्दल लिहिताना स्वतःचीही सांगायला हवी. आमच्या पहिल्या मोर्चात गावाबाहेरच्या एका वस्तीचं नाव घेऊन घोषणा झाल्या होत्या. तिथं हातभट्टी लागते म्हणून. मी पुढं चालत होते. मी थांबवलं नाही. त्या वस्तीतली चार मुलं माझ्या वर्गात होती. दुसऱ्या दिवशी ती आली नाहीत, पुढं आठवडाभर आली नाहीत. मी घरी गेले तर आई दारात उभी राहून म्हणाली, “बाई, पिणारे तुमच्या गावातले, दुकानाचा परवाना तुमच्या गावातला, आन् नाव आमचं का?” मला उत्तर देता आलं नाही. त्या बाईचा नवरा दारूनंच गेला होता. आडव्या बाटलीला मत द्यायला ती आमच्या आधी आली असती. आम्ही तिला रांगेत येण्याआधीच हाकलून दिलं होतं. जी मतं थोडक्यात कमी पडली त्यांत त्या वस्तीतली किती होती हे मी यादीवर मोजलं आहे, इथं लिहीत नाही.

म्हणून दांडकी नकोत. दांडकं नेहमी सगळ्यात कमजोर माणसाच्या दारावर पडतं. परवान्याच्या दुकानाला शटर असतं, त्याच्यामागं वकील असतो. भट्टी लावणाऱ्या बाईकडे एक पिंप आणि तीन पोरं असतात.

शाळेबद्दलही एक सांगते, हा माझा विषय. मेरी हंट नावाच्या बाईच्या पुढाकारानं या मंडळानं अमेरिकेतल्या शाळांत दारूचे दुष्परिणाम शिकवणं सक्तीचं करून घेतलं. व्हरमाँट राज्यात १८८२ मध्ये सुरुवात झाली आणि विसेक वर्षांत देशभर झालं. केवढं मोठं काम! पण पुस्तकांत मुलांना घाबरवण्यासाठी वाढवून-चढवून लिहिलं गेलं, एक घोटसुद्धा विष अशा थाटात. शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली आणि ती बरोबर होती. मूल घरी बघतं, आजोबा थोडी घेतात आणि धडधाकट आहेत. मग ते बाईंवरही विश्वास ठेवत नाही आणि पुस्तकावरही. आपण शाळेत पथनाट्य करतो, त्यात दारुडा बाप स्टेजवर लोळतो आणि मुलं हसतात. ज्या मुलाचा बाप खरंच तसा लोळतो ते मूल त्या वेळी कुठं बघत असतं ते कधी पाहिलंय? मी पाहिलंय, म्हणून माझ्या शाळेत ते नाटक मी बंद केलं. जे खरं आहे तेवढंच सांगावं, तेवढं पुरेसं भयंकर आहे.

तुम्हाला लोक हमखास सुनावतील की अमेरिकेनं १९२० मध्ये देशभर दारूबंदी केली आणि १९३३ मध्ये मागं घेतली, चोरटी दारू आणि टोळ्या वाढल्या. हे खरं आहे. फ्रान्सिस तोवर जाऊन बावीस वर्षं झाली होती. ती मागत होती ते गावाच्या मतावरचं नियंत्रण, घराच्या दारातलं. पण हा आक्षेप घेणाऱ्याला आता डेन्मार्कची गोष्ट सांगा. तिथं देशभर बंदी कधी आली नाही. १९१७ मध्ये, महायुद्धात धान्य-बटाट्याची टंचाई असताना, सरकारनं धान्या-बटाट्याच्या कडक दारूवर इतका कर बसवला की एका क्रोनच्या आत मिळणारी बाटली अकरा क्रोनांच्या आसपास गेली. दारूचा खप कोसळला आणि दारूनं भ्रम होऊन दवाखान्यात येणारे रोगी एकदम कमी झाले. लोक पुढं बिअरकडे वळले, पण पूर्वीचं कडक दारूचं पिणं पुन्हा आलं नाही. म्हणजे बंदी की मोकळीक एवढे दोनच रस्ते नाहीत. किंमत, दुकानांची संख्या, शाळेपासूनचं अंतर, उघडण्याच्या वेळा, सगळ्यांवर बोलता येतं. ग्रामसभेत बोला. पोरीला पाठवून बाटली मागवता येते ती मुळात दुकान तिच्या पावलांच्या अंतरावर असतं म्हणून, आणि दुकानदार तिच्या हातात ती देतो म्हणून. त्याला तसं करता येत नाही, हा कायदाच आहे. त्याची तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

आता मुद्द्याचं. आपण मतांत हरलो नाही, यादीत हरलो. मी नोकरीत असताना मतदार यादीचं काम केलं आहे, बीएलओ म्हणून घरोघर फिरले आहे. यादीत मेलेल्या सासवा असतात, कारण घरचे अर्ज देत नाहीत. लग्न होऊन गेलेल्या लेकी असतात, माहेरीही नाव आणि सासरीही. ऊसतोडीला गेलेल्या, पुण्या-मुंबईला कायमच्या गेलेल्या असतात. एरवीच्या निवडणुकीत त्यांच्या असण्यानं काही बिघडत नाही. पण आपल्या मतदानात न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीला मत दिल्यासारखी मोजली जाते. मेलेली बाईसुद्धा. ज्या म्हातारीचा आख्खा संसार दारूनं नेला, ती मेल्यावरही तिचं नाव दुकानाच्या बाजूनं उभं राहतं. शासनानं हा नियम बदलून झालेल्या मतांवर निकाल द्यावा असं माझं ठाम मत आहे आणि ते मी लिहीतच राहणार. पण नियम बदलेपर्यंत थांबायला नको.

सह्यांचा कागद पुन्हा फिरवण्याआधी गावाची मतदार यादी मिळवा, प्रभागाप्रमाणे. पाच जणी बसा. ज्या गेल्या त्यांच्या नावापुढं खूण करा, ज्यांची लग्नं झाली त्यांच्यापुढं वेगळी खूण. नाव वगळायला नमुना क्रमांक सात भरायचा असतो, सोबत मृत्यूचा दाखला असेल तर काम लवकर होतं. दाखला नसेल तर ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतून मिळतो. लग्न झालेल्या लेकींना त्यांच्या सासरच्या गावी नाव घालायला सांगा, तिथंही बाटली आडवी करायची असेलच. बाहेरगावी गेलेल्यांचे फोन नंबर मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. आणि त्या पाच जणींत एक गावाबाहेरच्या वस्तीतली असू द्या. तिला आधी बोलवा, यादी उघडण्याच्या आधी.

मला चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही, पण चष्मा लावून अजून दिवसाला चार-पाचशे नावं तपासू शकते. एसटी ज्या गावाला जाते त्या गावाला मी येईन. जेवणाची सोय करू नका, डबा आणते. सोमवार ते शनिवार कधीही चालेल, दुपारी बायकांची कामं उरकल्यावर बसू.

संत्रा वाचणारी ती मुलगी आता एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मागच्या महिन्यात तिच्या गावच्या यादीसाठी तिचा फोन आला होता. मंगळवारी तिच्याकडे जाते आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका